सुई टोचणाऱ्याने किती शिकलेले असावे?

गेल्या हिवाळ्यात माझ्या मोठ्या वहिनींचा उजवा खांदा आखडला. केस विंचरायला हात वर जाईना आणि रात्री त्या कुशीवर झोप लागेना. नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका शेजारणीने सुचवले म्हणून त्या धंतोलीकडच्या एका लहानशा उपचार केंद्रात गेल्या, आणि पहिल्याच भेटीत त्यांच्या मानेखालच्या स्नायूत चार-सहा बारीक सुया टोचल्या गेल्या. हा कोणता उपचार, असे विचारल्यावर "ड्राय नीडलिंग, म्हणजे ॲक्युपंक्चरच समजा" असे उत्तर मिळाले. हे कोठे शिकलात, या प्रश्नावर "वीकेंडला वर्कशॉप केले होते" एवढेच. वहिनींना कोणतीही इजा झाली नाही. मात्र घरी आल्यावर त्यांनी मला विचारले, "भाऊजी, हे दोन दिवसांत शिकता येतं का?"

या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही, कारण ते शिकणाऱ्याची आधीची शिदोरी, सुई शरीराच्या कोणत्या भागात जाणार आणि त्याची परीक्षा कोणी घेतली, या सगळ्यांवर अवलंबून आहे. तरीही रुग्णाला समजेल असे उत्तर नक्की देता येते.

प्रथम दोन शब्दांमधला फरक पाहू. ॲक्युपंक्चर ही चीनमधून आलेली, दीर्घ परंपरा असलेली उपचारपद्धती आहे. शरीरावर ठरलेल्या मार्गांवरील ठरलेल्या बिंदूंमध्ये सुया टोचणे हा तिचा गाभा असून जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित नामावलीत असे ३६१ मुख्य बिंदू आहेत. ड्राय नीडलिंगचा उगम वेगळा आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतील जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या डॉक्टरांनी स्नायूंतील दुखऱ्या, ताठर गाठींचा सविस्तर नकाशा तयार केला. या गाठींना ट्रिगर पॉइंट म्हणतात. आरंभी अशा गाठीत इंजेक्शनने औषध सोडले जात असे. १९७९ साली तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील डॉक्टर कारेल लेविट यांनी असे मांडले की पुष्कळ रुग्णांना आराम पडतो तो औषधामुळे नव्हे, तर सुईच्या टोचण्यामुळे. औषधाशिवाय टोचलेली सुई ती कोरडी सुई, आणि त्यावरून हे नाव रूढ झाले.

विचारसरणी भिन्न असली तरी हातातली वस्तू एकच आहे. दोन्ही उपचारांत इंजेक्शनच्या पोकळ सुईऐवजी भरीव, केसाहून थोडी जाड अशी पोलादी सुई वापरतात. ती त्वचेतून जाते, स्नायूतून जाते आणि पुढे काय आहे याची पर्वा करीत नाही. ॲक्युपंक्चरवाले ड्राय नीडलिंगला आपल्या विद्येची अर्धवट नक्कल म्हणतात. फिजिओथेरपिस्ट म्हणतात की आमचा पाया शरीररचनाशास्त्राचा आहे, बिंदू आणि मार्ग यांच्याशी आमचा संबंध नाही. हा वाद मोठा आहे आणि दोन्ही बाजूंना त्यात व्यावसायिक हितही आहे. रुग्णाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व मला कमी वाटते, कारण उपचाराचे नाव बदलल्याने बरगडीखालचे फुप्फुस जागचे हलत नाही.

आता तासांचा हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली ॲक्युपंक्चरच्या मूलभूत प्रशिक्षणाविषयी आणि सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जो आधी डॉक्टर नाही त्याच्या पूर्ण प्रशिक्षणासाठी त्यांत २५०० तास सुचवले आहेत आणि त्यांपैकी किमान १००० तास प्रात्यक्षिकाचे व रुग्णांवरील प्रत्यक्ष कामाचे असावेत असे म्हटले आहे. आधुनिक वैद्यकाच्या पदवीधर डॉक्टराला ही पद्धत पूर्णपणे शिकायची असेल तर १५०० तास, आणि आपल्या नेहमीच्या कामाला पूरक म्हणून मर्यादित उपयोग करायचा असेल तर किमान २०० तास. अमेरिकेत ॲक्युपंक्चरच्या मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी किमान १९०५ तासांचे मानक दीर्घकाळ राहिले असून त्यांतील ६६० तास रुग्णांवरील प्रशिक्षणाचे होते. कॅलिफोर्नियात हाच आकडा ३००० तासांचा आहे. जर्मनीत डॉक्टरांना ॲक्युपंक्चरची जादा पात्रता लावण्यासाठी २०० तासांचा अभ्यासक्रम आहे.

याच्या शेजारी ड्राय नीडलिंगचे आकडे ठेवले की माणूस दचकतो. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने फिजिओथेरपिस्टसाठी ८० तास ठरवले, त्यांतील निम्मे वर्गातील शिक्षणाचे आणि निम्मे प्रत्यक्ष हाताने करण्याचे. कोलोरॅडोने ४६ तासांची समोरासमोरची शिकवणी आणि त्याआधी फिजिओथेरपिस्ट म्हणून दोन वर्षांचा अनुभव अशी अट घातली. काही राज्यांनी तासच ठरवले नाहीत, तर काहींनी फिजिओथेरपिस्टना हा उपचार करायलाच मनाई केली. २५०० कोठे आणि ४६ कोठे, असे कोणालाही वाटेल. वहिनींच्या मनातही हेच आले होते.

पण ही तुलना जशी दिसते तशी नाही, आणि येथे घाईने निवाडा केला तर एका संपूर्ण व्यवसायावर अन्याय होईल. २५०० तास हे बारावी किंवा साधी पदवी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचे आहेत. त्याला हाडे, स्नायू, नसा, रोगलक्षणे, जंतुसंसर्ग हे सर्व पहिल्यापासून शिकवावे लागते. फिजिओथेरपिस्ट यातला मोठा भाग आपल्या पदवीतच शिकलेला असतो. आपल्याकडे आज काम करणारे बहुतेक फिजिओथेरपिस्ट चार वर्षांचे शिक्षण आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप अशा साडेचार वर्षांच्या पदवीतून आले आहेत आणि शरीररचनेसाठी त्यांनी शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहून अभ्यास केलेला असतो. अमेरिकेतील फिजिओथेरपी परवाना मंडळांच्या महासंघाने २०१५ साली करवून घेतलेल्या अभ्यासात असे दिसले की ड्राय नीडलिंग सुरक्षितपणे करण्यासाठी जे ज्ञान लागते त्यातील सुमारे ८६ टक्के मूळ पदवीतच मिळालेले असते. उरलेले साधारण १४ टक्के नव्याने शिकावे लागतात आणि ते मुख्यतः सुई हाताळण्याच्या तंत्राचे असतात.

पुढच्याच वर्षी, २०१६ साली, अमेरिकेतील डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने वेगळी भूमिका घेतली. ड्राय नीडलिंग हा शरीरात शिरणारा उपचार आहे, आणि म्हणून सुई वापरण्याचे प्रमाणित प्रशिक्षण व नित्याचा सराव असलेल्यांनीच, म्हणजे परवानाधारक डॉक्टर आणि परवानाधारक ॲक्युपंक्चरतज्ज्ञ यांनीच, तो करावा, असे तिने म्हटले. दोन्ही मते वाचल्यावर माझे मत असे झाले की ८६ टक्क्यांचा दावा खरा मानला तरी इजा होते ती उरलेल्या १४ टक्क्यांत. खांद्याचा स्नायू कोठून निघतो आणि कोठे जोडतो हे परीक्षेत लिहिता येणे, आणि पालथ्या झोपलेल्या किडकिडीत बाईच्या खांद्याखाली सुईचे टोक या क्षणी किती खोल आहे हे बोटांना कळणे, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. ते अंतर कोणीतरी जाणता शेजारी उभा राहून हात धरतो तेव्हाच तुटते. त्यासाठी किती तास लागतात हा खरा प्रश्न आहे.

फुप्फुसाचेच उदाहरण सविस्तर पाहू, कारण प्रशिक्षणाचा कस तेथेच लागतो. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते की फुप्फुस छातीच्या पिंजऱ्यात आहे आणि खांदा त्याच्या बाहेर आहे. प्रत्यक्षात फुप्फुसाचे वरचे टोक गळ्याजवळच्या हाडाच्याही वर, मानेच्या बुडाशी दोन-तीन सेंटिमीटर डोकावते. पाठीत खवाटा आणि मणका यांच्यामधल्या पट्ट्यात काही व्यक्तींमध्ये त्वचेपासून फुप्फुसाचा पृष्ठभाग केवळ १० ते २० मिलिमीटरवर असतो. ड्राय नीडलिंगच्या सुया साधारण ३० ते ६० मिलिमीटर लांबीच्या मिळतात. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाच्या मानेत चमक भरते, तो हात नेऊन दाखवतो ती जागा नेमकी हीच, आणि म्हणून सर्वांत जास्त मागणी असलेली जागाच सर्वांत जोखमीची ठरते. सुई फुप्फुसाच्या आवरणाला भेदून गेली तर हवा आवरणांच्या मधल्या पोकळीत गळते आणि फुप्फुस आकसू लागते. वैद्यकात याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. लक्षणे पुष्कळदा टेबलावर दिसत नाहीत. काही तासांनी, घरी पोचल्यावर, छातीत किंवा खांद्यात कळ येते, कोरडा खोकला लागतो, जिना चढताना दम लागतो, आणि सकाळच्या सुयांशी त्याचा संबंध असेल हे रुग्णाच्या ध्यानातही येत नाही.

चांगले प्रशिक्षण या ठिकाणी दोन गोष्टी हातात घोटून बसवते. पहिली, मानेपासून खांद्याकडे उतरणारा जाड स्नायू चिमटीत उचलून धरायचा आणि सुई फक्त त्या उचललेल्या घडीत, आपल्याच दुसऱ्या हाताच्या बोटाच्या दिशेने घालायची, छातीच्या दिशेने कधीही नाही. दुसरी, बरगड्यांवरील पातळ स्नायूंमध्ये सुई तिरपी, जवळजवळ त्वचेला समांतर न्यायची, किंवा तेथे सुई घालायचीच नाही. परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना इंजेक्शनचा पहिला हात संत्र्यावर बसवायला सांगण्याची जुनी पद्धत नागपूरकरांना सांगायला नको. सालीचा विरोध आणि आतल्या गराचा मऊपणा त्यातून कळतो. परंतु संत्र्याच्या मागे फुप्फुस नसते. व्हिडिओवर तर तो विरोधही जाणवत नाही, आणि म्हणून केवळ ऑनलाइन शिकून मिळवलेल्या प्रमाणपत्राला, मग ते कितीही तासांचे असो, सुई हातात घेण्याची परवानगी मानू नये असे मला ठामपणे वाटते.

छातीच्या मध्यभागी असलेल्या उरोस्थीचेही असेच आहे. ॲक्युपंक्चरचा एक प्रसिद्ध बिंदू तिच्यावरच आहे. खाली हाड असल्यामुळे ही जागा सुरक्षित भासते. पण काही लोकांच्या उरोस्थीत जन्मजात एक छिद्र असते, ते बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही आणि त्याच्या मागे हृदय असते. हे ठाऊक असलेला उपचारक तेथे सुई सरळ खोल घालत नाही. ठाऊक नसणाऱ्याला शेकडो रुग्णांत काहीच अडचण येत नाही, आणि त्यामुळे आपले बरोबर आहे असा त्याचा समज पक्का होत जातो.

इतके वाचून सुयांची धास्ती बसू नये म्हणून आकडेही सांगितले पाहिजेत. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांचा मोठा अभ्यास झाला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. तेथे उपचार करणारे डॉक्टर होते आणि वैद्यकीय पदवीवर किमान १४० तासांचे ॲक्युपंक्चर प्रशिक्षण त्यांनी घेतले होते. ८.६ टक्के रुग्णांनी काही ना काही त्रास सांगितला, बहुतेक किरकोळ रक्तस्राव, काळेनिळे होणे, दुखणे अशा स्वरूपाचा. न्यूमोथोरॅक्सच्या घटना दोन होत्या. आयर्लंडमधील फिजिओथेरपिस्टनी केलेल्या ड्राय नीडलिंगच्या ७,६२९ उपचारांत सुमारे १९ टक्के वेळा किरकोळ त्रास झाला, गंभीर एकही नाही. अमेरिकेतील २०,४६४ उपचारांच्या २०२० मधील अभ्यासात किरकोळ त्रासाचे प्रमाण ३६.७ टक्के होते आणि मोठ्या स्वरूपाच्या घटना २० होत्या. प्रशिक्षित हातात ही सुई बऱ्यापैकी सुरक्षित आहे, हे यावरून दिसते. दोन दिवसांच्या कार्यशाळेतून बाहेर पडलेल्यांच्या हातात ती किती सुरक्षित आहे हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही, कारण मोजणी प्रशिक्षितांचीच झाली आहे. जाहिरातीत "संशोधनाने सुरक्षित सिद्ध" असे लिहिणारे नेमका हाच भाग गाळतात.

तासांच्या हिशेबात न दिसणारी आणखी एक विद्या आहे, ती म्हणजे सुई केव्हा घालू नये हे ओळखण्याची. डाव्या खांद्यातील दुखणे स्नायूचे असू शकते आणि हृदयविकाराचेही असू शकते. महिनोन्महिने न हटणारी, रात्री वाढणारी, वजन उतरत असताना येणारी खांदेदुखी फुप्फुसाच्या वरच्या टोकावरील कर्करोगाच्या गाठीची असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणे, गर्भावस्था, प्रतिकारशक्ती खालावलेली असणे, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्यामुळे हात सुजलेला असणे, सुयांना विजेचा सौम्य प्रवाह जोडायचा असल्यास पेसमेकर बसवलेला असणे, हे सगळे उपचारापूर्वी विचारावे लागते. लांब अभ्यासक्रमाचे सगळ्यात मोठे समर्थन मला येथे दिसते. सुई टोचायला थोड्या आठवड्यांत शिकता येईल. समोरचा माणूस सुईने बरा होण्यासारखा नाही आणि त्याला आजच मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पाठवले पाहिजे, हे ओळखायला वर्षे लागतात.

स्वच्छतेविषयी थोडक्यात. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात १९८४ साली एका ॲक्युपंक्चर केंद्रातून ३५ जणांना हेपेटायटिस बी झाला; सुया नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या जात होत्या. आज एकदाच वापरायच्या, सीलबंद पाकिटातील सुया स्वस्तात मिळतात, तेव्हा दुसरा कोणताही प्रकार खपवून घेण्याचे कारण नाही. भारतात २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली सुई पांढऱ्या अर्धपारदर्शक, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात गेली पाहिजे आणि रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. हे नियम लहान दवाखान्यालाही लागू आहेत.

आपल्याकडील कायद्याची स्थिती सांगण्यापूर्वी नागपूरचा एक धागा आठवतो. १९३८ साली काँग्रेसने चीनला जे वैद्यकीय पथक पाठवले त्यातील पाच डॉक्टरांपैकी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना ठाऊक आहेत. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ साली त्यांनी कोलकात्यात या उपचाराचा आरंभ केला. भारतात ही विद्या प्रथम आणणारा माणूस आधीच पूर्ण शिकलेला डॉक्टर होता, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून मान्यता दिली आणि नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी तो करावा असे म्हटले. 'योग्य प्रशिक्षण' म्हणजे किती, हे या शब्दांतून उलगडत नव्हते, आणि पुढची कित्येक वर्षे या संदिग्धतेत सर्व तऱ्हेच्या संस्था वाढल्या. २०१९ साली केंद्राने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्याआधीच महाराष्ट्राने २०१५ या वर्षाच्या नावाने ओळखला जाणारा ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धतीचा स्वतंत्र कायदा केला होता, आणि त्यानुसार राज्यात ॲक्युपंक्चर परिषद व उपचारकांची नोंदणी अशी व्यवस्था आली. म्हणजे नागपुरात कोणी स्वतःला ॲक्युपंक्चरतज्ज्ञ म्हणवत असेल तर त्याच्या नोंदणीविषयी विचारण्याला कायद्याचा आधार आहे. फिजिओथेरपिस्टसाठीही राज्याचा २००२ चा परिषद कायदा आहे आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीला संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत घेतले आहे.

ड्राय नीडलिंग मात्र या दोन चौकटींच्या मधल्या फटीत राहिले आहे. त्यासाठी वेगळा परवाना किंवा वेगळी नोंदवही नाही. त्यामुळे जो फिजिओथेरपिस्ट स्वतःच्या खर्चाने ८०-१०० तासांचे टप्प्याटप्प्याचे शिक्षण घेतो, प्रत्येक टप्प्यानंतर रुग्णांवरील नोंदी ठेवतो आणि परीक्षा देतो, आणि जो शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावतो, त्या दोघांच्या पाट्या रस्त्यावरून सारख्याच दिसतात. शिकवणाराच परीक्षा घेतो, तोच प्रमाणपत्र देतो आणि शुल्कही तोच घेतो, ही अभ्यासक्रमांची रचना मला सर्वांत अधिक खटकते. एखादा उमेदवार अनुत्तीर्ण होऊ शकतो की नाही, हा अभ्यासक्रम पारखण्याचा साधा मार्ग आहे. जेथे हजर राहिलेला प्रत्येक जण उत्तीर्ण होतो तेथे परीक्षा झालेलीच नसते.

वहिनींना मी हे सर्व एवढ्या विस्ताराने सांगितले नाही. पुढच्या वेळी विचारायचे प्रश्न तेवढे एका कागदावर लिहून दिले: तुमची मूळ पदवी कोणती आणि नोंदणी कोणत्या परिषदेची, सुई टोचण्याचे शिक्षण किती तासांचे आणि त्यात कोणाच्या देखरेखीखाली किती रुग्णांवर काम केले, परीक्षा कोणी घेतली, आणि या जागी सुई घातल्यावर काय बिघडू शकते. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चांगला शिकलेला माणूस त्याचे उत्तर शांतपणे, न चिडता देतो, कारण संमती घेण्याआधी हे रुग्णाला सांगायचे असते असे त्याला शिकवलेलेच असते. "काहीच होत नाही" हे उत्तर मिळाले तर उठून यावे, असेही मी खाली लिहिले. आणि उपचारानंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दम लागला किंवा छातीत कळ आली तर उपचारकाला फोन करत न बसता थेट आकस्मिक विभागात जावे, सुया टोचल्या होत्या हे तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.

त्या कागद घेऊन दुसरीकडे गेल्या. तेथील फिजिओथेरपिस्टने पहिल्या दिवशी सुई काढलीच नाही. खांदा तपासला, मधुमेहाविषयी विचारले, रक्तातील साखर तपासून यायला सांगितले आणि व्यायाम शिकवले. तिसऱ्या भेटीत त्यांना पालथे झोपवून, स्नायू चिमटीत धरून सुया घातल्या. काढताना मोठ्याने मोजल्या: सहा घातल्या होत्या, सहा निघाल्या, आणि सहाही पांढऱ्या डब्यात गेल्या.